नावाजलेले ब्रँड बुडतात, तेव्हा ते सर्वांत आधी कोणाला कळलेले असते?

गोदाकाठ

गंगाखेडला माझे शेतीपंप, पाइप आणि विजेच्या साहित्याचे दुकान आहे आणि यंदा त्याला एकतीस वर्षे पूर्ण झाली. मागच्या आठवड्यात गोदामाची झाडलोट करताना एका कंपनीचा जुना पत्र्याचा फलक हाती लागला. एके काळी पालम आणि सोनपेठ भागातले शेतकरी त्या नावाची मोटार घ्यायला येत, तेव्हा दुसऱ्या कोणत्या मोटारीची किंमतसुद्धा विचारत नसत. आज ते नाव घेतले तर दुकानातली तरुण मुले विचारतात की ही कंपनी कुठली. नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण जुना हिशेब चुकता करण्यासाठी हा धागा काढलेला नाही.

घडले ते असे. त्या कंपनीच्या पाच एचपीच्या मोनोब्लॉकमध्ये (मोटार आणि पंप एकाच बॉडीत असलेल्या पंपात) पूर्वी तांब्याचे वाइंडिंग असे. एका वर्षी पाऊस ओढावला, सगळा भार विहिरींवर आला आणि त्याच हंगामात नव्या मोटारी एकामागून एक जळून परत येऊ लागल्या. आमच्या गावातल्या रिवाइंडिंगच्या मिस्त्रीने पहिलीच मोटार उघडली आणि मला बोलावून दाखवले की आतली तार तांब्याची नाही, ॲल्युमिनियमची आहे. ॲल्युमिनियमची वीजवाहकता तांब्याच्या सुमारे ६१ टक्के असते. तार तेवढ्या प्रमाणात जाड घेतली, तिला पुरेशी जागा दिली आणि जोड नीट केले, तर त्या धातूची मोटारही चांगली चालते, हे मिस्त्रीनेच मला सांगितले. परंतु जुन्याच मापाच्या बॉडीत कशीबशी बसवलेली ती तार आमच्याकडच्या रात्रपाळीच्या विजेला टिकणारी नव्हती. विजेचा दाब उतरला की मोटार जास्त करंट ओढते, वाइंडिंग तापते आणि इन्सुलेशन जाते. कंपनीच्या प्रतिनिधीला मी तीन वेळा सांगितले आणि तिन्ही वेळा उत्तर मिळाले की तुमच्या भागात व्होल्टेज खराब आहे. व्होल्टेज खराब होते हे खरेच आहे, पण ते आधीची वीस वर्षेही खराबच होते आणि त्याच कंपनीच्या जुन्या मोटारी त्याच विजेवर चालत होत्या.

मिस्त्रीला पहिल्या दिवशी कळले, मला त्याच संध्याकाळी कळले, आणि सोयाबीन निघेपर्यंत तालुक्यातल्या बहुतेक बागायतदारांना कळलेले होते. कंपनीच्या मुख्य कार्यालयात मात्र ते बहुधा विक्रीचे आकडे कोसळल्यानंतरच पोहोचले.

या अनुभवामुळे मी इतर ब्रँडच्या गोष्टी वाचू लागलो आणि अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरातल्या श्लिट्झ या बिअरच्या ब्रँडपाशी थबकलो. १९७० च्या दशकात ही कंपनी बडवायझरच्या खालोखाल दुसऱ्या क्रमांकावर होती. खर्च वाचवण्यासाठी तिने आंबवण्याचा काळ कमी केला आणि धान्याच्या जागी मक्याच्या पाकाचा वापर वाढवला. प्रत्येक बदल इतका लहान होता की आधीच्या चवीशी तुलना केली तर फरक जाणवत नसे, परंतु असे अनेक बदल एकावर एक साचल्यावर पेय मूळचे राहिले नाही. १९७६ मध्ये, घटकांची नावे लेबलवर छापावी लागतील या धास्तीने, बिअर नितळ ठेवण्यासाठी वापरायचा एक पदार्थ बदलण्यात आला. नव्या पदार्थाची फेस टिकवणाऱ्या दुसऱ्या पदार्थाशी प्रक्रिया होऊन बाटलीत पांढरे कण दिसू लागले. कंपनीला सुमारे १ कोटी बाटल्या आणि डबे परत घ्यावे लागले आणि १९८२ मध्ये ती स्ट्रो नावाच्या कंपनीला विकली गेली. तांब्याऐवजी ॲल्युमिनियम आणि धान्याऐवजी पाक यांत मला तत्त्वतः काहीच फरक दिसत नाही.

माझा प्रश्न असा आहे: मोठमोठ्या ब्रँडच्या पडझडीत दोष सर्वांत आधी कोणाच्या नजरेस पडला, आणि तो वरपर्यंत पोहोचण्याच्या आड काय आले? आपापल्या क्षेत्रातली उदाहरणे सविस्तर लिहावीत, ही विनंती.

मांजराकाठची

गोदाकाठ काका, विषय फार महत्त्वाचा आहे. मी परभणीच्या कृषी विद्यापीठात अन्नतंत्राचे शिक्षण घेतले असून सध्या लातूरच्या औद्योगिक वसाहतीत गुणवत्ता विभागात काम करते, त्यामुळे अन्नपदार्थांच्या बाजूने लिहिते.

जपानमध्ये स्नो ब्रँड हे दुधाचे अत्यंत विश्वासाचे नाव होते. २००० सालच्या उन्हाळ्यात त्यांच्या ओसाकातील कारखान्याचे दूध पिऊन १३ हजारांहून अधिक लोक आजारी पडले. तपासात मूळ सापडले ते होक्काइडोमधील ताइकी येथील कारखान्यात, जिथे त्या वर्षी मार्चअखेर सुमारे तीन तास वीज गेली होती. त्या वेळात यंत्रातले दूध कोमट राहिले, त्यात स्टॅफिलोकोकस जिवाणू वाढले आणि त्यांनी विष सोडले. नंतर दूध तापवून भुकटी केली तेव्हा जिवाणू मेले, पण विष उष्णतेला दाद देत नाही, त्यामुळे ते भुकटीत तसेच राहिले आणि ती भुकटी पुढे ओसाकाच्या उत्पादनांत गेली. आपल्याकडे गावोगावच्या संकलन केंद्रांवर दुधाचे शीतकरण यंत्र बंद पडले की जे होते, त्याचेच हे रूप आहे. वीज गेल्याचे त्या पाळीतल्या कामगारांना माहीत होते. ते दूध टाकून द्यायचे ठरवण्याचा अधिकार कोणाला होता आणि तो वापरल्यास त्याला शाबासकी मिळाली असती की बोलणी खावी लागली असती, यावर पुढचे सगळे अवलंबून होते. लोक आजारी पडू लागल्यावरही माल परत घेण्याची घोषणा करायला कंपनीने उशीर केला, आणि पत्रकारांनी घेरल्यावर अध्यक्षांच्या तोंडून निघाले की मलाही झोप मिळालेली नाही. ते वाक्य जपानी लोक अजून विसरलेले नाहीत. दोन वर्षांच्या आत त्यांच्या मांस विकणाऱ्या उपकंपनीने परदेशी गोमांस देशी म्हणून दाखवल्याचे उघड झाले आणि ती उपकंपनी बंदच करावी लागली.

चीनच्या सानलू कंपनीचे उदाहरण याहून भयंकर आहे. दुधातले प्रथिन मोजण्याच्या नेहमीच्या चाचणीत प्रत्यक्षात नायट्रोजन मोजला जातो आणि त्यावरून प्रथिनाचा अंदाज बांधला जातो. त्यामुळे पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन मिसळले की आकडा चांगला येतो. आपल्याकडे दुधात युरिया मिसळणारे याच पळवाटेचा फायदा घेतात. सानलूकडे तक्रारी २००७ च्या डिसेंबरपासून येत होत्या, आणि २००८ च्या ऑगस्टच्या सुरुवातीला संचालक मंडळापुढे विषय आलेला होता, परंतु बाजारातून माल परत घेण्याची जाहीर घोषणा ११ सप्टेंबरला झाली. त्या संपूर्ण प्रकरणात सहा बालके दगावली आणि सुमारे ३ लाख बालके आजारी पडली. दोष सर्वांत आधी त्या बाळांच्या आयांना दिसला होता. कंपनीत ४३ टक्के वाटा असलेल्या न्यूझीलंडच्या फोंटेरालाही पुढे याची उत्तरे द्यावी लागली आणि सानलू दिवाळखोर झाली. मी हे प्रकरण शिकवणीतल्या मुलींना सांगते, तेव्हा दरवेळी माझाच आवाज कापतो.

मॅगीबद्दल मात्र मला थोडे सावधपणे लिहावेसे वाटते, कारण तिथे पदार्थ खरोखर दोषी होता असे शेवटी सिद्ध झाले नाही. उत्तर प्रदेशातल्या बाराबंकी येथे २०१४ मध्ये घेतलेल्या नमुन्यात पुढे शिसे १७.२ पीपीएम (दहा लाख भागांत १७.२ भाग) असल्याचा अहवाल आला, जेव्हा मर्यादा २.५ पीपीएम होती. शिवाय पाकिटावर एमएसजी (चव वाढवणारे मोनोसोडियम ग्लुटामेट) घातलेले नाही असे छापलेले असताना चाचणीत ग्लुटामेट आढळले. गव्हाच्या, शेंगदाण्याच्या आणि कांद्याच्या प्रथिनांतून ग्लुटामेट नैसर्गिकरीत्याही येते, त्यामुळे कंपनीचा शास्त्रीय मुद्दा चुकीचा नव्हता. चूक होती ती असे वाक्य पाकिटावर छापण्यात, कारण ते वाचणारी आई त्याचा अर्थ एकच घेते. आणि त्याहून मोठी चूक म्हणजे अनेक आठवडे हे प्रकरण अधिकारी आणि कंपनी यांच्यातला कागदोपत्री वाद म्हणून हाताळले गेले. मॅगी बनवणाऱ्या नेस्लेचे जागतिक प्रमुख दिल्लीत पत्रकारांसमोर आले ते ५ जून २०१५ ला, म्हणजे ज्या दिवशी अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा बंदीचा आदेश निघाला त्याच दिवशी. मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑगस्टला बंदी रद्द केली, कारण कंपनीला म्हणणे मांडण्याची संधी दिली गेली नव्हती आणि चाचण्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत झालेल्या नव्हत्या. नव्या चाचण्यांत शिसे मर्यादेच्या आत आढळले आणि नोव्हेंबरमध्ये, दिवाळीच्या तोंडावर, मॅगी परत आली. तोपर्यंत हजारो टन माल नष्ट झालेला होता आणि नेस्ले इंडियाने एका तिमाहीत ६४.४० कोटींचा तोटा दाखवला होता.

सिंदफणा

ताईंचा प्रतिसाद वाचून कॅडबरीची आठवण झाली. माजलगावला आमचे किराणा दुकान आहे आणि २००३ मध्ये मी नुकताच वडिलांच्या हाताखाली गल्ल्यावर बसू लागलो होतो. ऑक्टोबरमध्ये, ऐन दिवाळीच्या आधी, राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने डेअरी मिल्कमध्ये अळ्या सापडल्याचे जाहीर केले. कंपनीचे पहिले म्हणणे असे होते की दुकानदारांनी माल नीट साठवला नाही. वर्तमानपत्रात ते वाचून माझ्या वडिलांना फार लागले. ते म्हणाले, "ज्याच्या भरवशावर यांचा माल खपतो, त्याच्यावरच खापर फोडतात." चॉकलेटच्या शेजारी तांदूळ आणि डाळीची पोती असणे हे खेड्यातल्या दुकानाचे वास्तव आहे, आणि अळी त्या पोत्यांतून कागदाच्या वेष्टनात शिरू शकते, हे कंपनीला आधीपासून माहीत असायला हवे होते.

परंतु पुढचे श्रेयही द्यायला हवे. काही महिन्यांतच वेष्टन बदलले, आतला ॲल्युमिनियमचा कागद चहूबाजूंनी बंद करण्यात आला, विक्रेत्यांना साठवणुकीचे प्रशिक्षण दिले गेले आणि अमिताभ बच्चन यांनी जाहिरातीतून ग्राहकांना कारखान्याची खात्री दिली. विक्री परत आली. दुकानदाराला दोष देणे थांबवून दुकान जसे आहे तसे गृहीत धरून वेष्टन बनवले, म्हणून ती परत आली, असे माझे स्पष्ट मत आहे.

बालाघाट

गोदाकाठ साहेब, आपला प्रश्न मला पटतो, परंतु तो सर्वत्र लागू पडत नाही असे मला वाटते. मी राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालो आहे आणि आपल्या मराठवाड्यातलेच सर्वांत मोठे उदाहरण अजून कोणी काढले नाही, म्हणून मी काढतो.

व्हिडिओकॉन हे नाव आपल्या मातीतले. छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे निघाले की चितेगावला त्यांचा कारखाना लागतो. ज्या पिढीने घरात पहिला रंगीत टीव्ही पाहिला, तिच्यातल्या कित्येकांनी तो याच नावाचा पाहिला. जपानी आणि कोरियन कंपन्यांच्या गर्दीत संभाजीनगरचे नाव देशभर चालते, याचा आम्हा सर्वांना अभिमान होता आणि तो खोटा नव्हता. ही कंपनी टीव्ही खराब निघाल्यामुळे बुडाली नाही. दुकानदाराला किंवा मिस्त्रीला तिचा मूळ दोष दिसणे शक्यच नव्हते, कारण तो वस्तूत नव्हता, ताळेबंदात होता.

२००५ मध्ये व्हिडिओकॉनच्या धूत समूहाने फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा रंगीत पिक्चर ट्यूबचा व्यवसाय सुमारे २४ कोटी युरोला घेतला. पोलंड, इटली, मेक्सिको आणि चीन येथील कारखाने त्यात आले. त्या वेळी विकणाऱ्याला विकायची घाई का आहे, हा प्रश्न निर्णायक होता. सपाट पडद्याचे टीव्ही युरोपात आणि अमेरिकेत झपाट्याने स्वस्त होत होते आणि काचेच्या जड ट्यूबची मागणी काही वर्षांतच आटणार होती. ट्यूबच्या धंद्यात जगात अग्रेसर होण्याचा तो निर्णय, ट्यूबच जगातून जाणार असताना घेतला गेला.

त्यानंतर दूरसंचार आले. २००८ मध्ये मिळालेले परवाने घेऊन मोबाइल सेवा सुरू झाली आणि २ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जे १२२ परवाने रद्द केले, त्यांत या समूहाचे २१ होते. पुन्हा लिलावात उतरून सहा मंडळांत स्पेक्ट्रम घेतला, तो २०१६ मध्ये एअरटेलला ४,४२८ कोटींना विकावा लागला. तेल आणि वायूच्या व्यवसायातून मोझांबिकमधला १० टक्के हिस्सा सुमारे २४७ कोटी डॉलरना विकला गेला, म्हणजे तिथला अंदाज चुकला नव्हता, पण एवढी रक्कम येऊनही कर्जाचा डोंगर हलला नाही. जून २०१८ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने दिवाळखोरीची कार्यवाही सुरू केली. समूहातल्या १३ कंपन्यांवरचे मान्य झालेले दावे सुमारे ६४,८३८ कोटींचे होते आणि २०२१ मध्ये मंजूर झालेली ट्विन स्टार कंपनीची योजना २,९६२ कोटींची होती. बँकांच्या हाती एवढे कमी पडत असल्याबद्दल न्यायाधिकरणानेच आश्चर्य व्यक्त केले, आणि जानेवारी २०२२ मध्ये अपील न्यायाधिकरणाने ती मंजुरी रद्द केली.

बँकेतल्या माझ्या नोकरीत मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली. ज्या धंद्याने माणसाला नाव दिले, तो धंदा त्याला पुढे लहान वाटू लागतो. चितेगावच्या टीव्ही आणि वॉशिंग मशीनने मिळवलेली पत तेल, ट्यूब आणि टेलिकॉमसाठी गहाण पडली. या समूहाच्या कर्जांविषयीची न्यायालयीन प्रकरणे वेगळी आहेत आणि त्यांवर मी इथे काही लिहिणार नाही. मला दुःख याचे आहे की दुकानात मागणी असलेले नाव, ग्राहकाशी कसलेही भांडण नसताना, आपल्या डोळ्यांदेखत दुकानातून गेले.

दुधना

बालाघाट काकांशी मी सहमत आहे आणि एक पाऊल पुढे जाऊन लिहितो. मी जालन्याचा आहे आणि व्यवस्थापनाचा विद्यार्थी आहे. काही ब्रँड अशा वेळी पडले की गल्ल्यावर एकही तक्रार आलेली नव्हती.

एचएमटीचे घड्याळ घ्या. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळूरला सुरुवात झाली आणि पुढे दोन दशके लग्नात, नोकरी लागल्यावर, निवृत्तीला हेच घड्याळ दिले गेले. माझ्या आजोबांचे एचएमटी जनता अजून चालते. एचएमटीने क्वार्ट्झ घड्याळ १९८१ मध्ये, म्हणजे टायटनच्या कितीतरी आधी, काढले होते, तरी भर चावीच्या घड्याळांवरच राहिला. टायटनने १९८७ पासून क्वार्ट्झच मध्यभागी ठेवले, काचेची शोरूम उघडली आणि घड्याळाला दागिन्याच्या रांगेत नेऊन बसवले. एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय केंद्राने जानेवारी २०१६ मध्ये घेतला. तिचा कोणताही ग्राहक रागावून गेला नव्हता. पुढचे घड्याळ घेताना तो दुसऱ्या दुकानात गेला, एवढेच. जुन्या दुकानदाराला फार तर गर्दी कमी झालेली दिसली असेल.

कोडॅकमध्ये तर माहिती बाहेरून येण्याची गरजच नव्हती. स्टीव्ह सॅसन या त्यांच्याच अभियंत्याने १९७५ मध्ये डिजिटल कॅमेरा तयार करून वरिष्ठांना दाखवला होता. कोडॅक झोपली होती, असे जे सर्रास लिहिले जाते ते मला अन्यायाचे वाटते, कारण २००५ च्या सुमारास अमेरिकेत सर्वाधिक डिजिटल कॅमेरे त्यांचेच विकले जात होते. अडचण अशी होती की फिल्म, कागद आणि रसायने यांवर मिळणारा नफा कॅमेरा विकून कधीच मिळणार नव्हता. जानेवारी २०१२ मध्ये त्यांनी दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला. गोदाकाठ काका, अशा ठिकाणी वरपर्यंत बातमी पोहोचूनही उपयोग झाला नाही, मग आपल्या प्रश्नाचे काय करावे?

अजिंठा

मी वाळूजला एका सुट्या भागांच्या कारखान्यात अभियंता आहे, म्हणून वाहनांबद्दल थोडे लिहितो.

फोक्सवॅगनच्या डिझेल प्रकरणात वर पोहोचण्याचा प्रश्नच वेगळा होता, कारण फसवणूक आतच रचलेली होती. ईए १८९ इंजिनाच्या संगणकप्रणालीला गाडी प्रयोगशाळेत चाचणी देत आहे की रस्त्यावर धावत आहे हे ओळखता येत असे, आणि चाचणी असेल तेव्हाच ती धूर नियंत्रणाची यंत्रणा पूर्ण क्षमतेने चालवत असे. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी गाड्या प्रत्यक्ष रस्त्यावर नेऊन मोजमाप केले तेव्हा नायट्रोजन ऑक्साइडचे आकडे जुळेनात. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण यंत्रणेने नोटीस काढली आणि जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांचा प्रश्न उभा राहिला. भारतातही त्या डिसेंबरमध्ये फोक्सवॅगन, स्कोडा आणि ऑडी मिळून सुमारे ३,२३,७०० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचे जाहीर झाले. स्कोडाचा कारखाना आपल्या शेंद्र्याला आहे, त्यामुळे त्या हिवाळ्यात इथल्या चहाच्या टपरीवरही याच विषयाची चर्चा चाले. तिथल्या असेंब्लीवरच्या कामगाराचा या फसवणुकीशी काडीचा संबंध नव्हता, पण नातेवाइकांना उत्तरे त्यालाच द्यावी लागली.

बजाजचे उदाहरण दुधना यांच्या मुद्द्याला छेद देते असे मला वाटते. वाळूजचा कारखाना १९८५ चा, आणि आमच्या भागातली कित्येक घरे त्यावर उभी राहिली. डिसेंबर २००९ मध्ये कंपनीने स्कूटर पूर्णपणे सोडून मोटारसायकलवर भर देण्याचे जाहीर केले, तेव्हा स्वतः राहुल बजाज यांनी आपल्याला वाईट वाटल्याचे उघडपणे सांगितले होते. त्यानंतर होंडाच्या ॲक्टिवाने शहरातल्या मुली, गृहिणी आणि निवृत्त माणसे यांची बाजारपेठ जवळजवळ एकटीने व्यापली. कंपनी मोटारसायकलीवर भक्कम उभी राहिली, त्यामुळे याला बुडणे म्हणता येणार नाही. परंतु चेतक हे नाव २०२० मध्ये विजेच्या स्कूटरवर परत लावावे लागले, याचा अर्थ ग्राहकाच्या मनातली त्याची जागा दहा वर्षे रिकामी राहूनही भरलेली नव्हती. घरातल्या बाईला चालवता येईल अशी गाडी हवी, ही गोष्ट कोणत्याही वितरकाने त्या दहा वर्षांत सांगितली असती.

सिंदफणा

अजिंठा साहेबांनी वाहनांचा विषय काढलाच आहे, तर टाटांच्या नॅनोबद्दल चार ओळी लिहितो. जानेवारी २००८ मध्ये १ लाखाच्या गाडीची घोषणा झाली, तेव्हा आमच्या दुकानात रोज तिचीच चर्चा असे. पुढे सिंगूर सोडून साणंदला जावे लागले, उशीर झाला, काही गाड्यांना आग लागल्याच्या बातम्या आल्या, हे सर्व खरे आहे. पण वर्षाला अडीच लाख गाड्यांची क्षमता असताना सर्वांत चांगल्या वर्षात, म्हणजे २०११-१२ मध्ये, सुमारे ७४ हजार गाड्या विकल्या गेल्या, याचे मोठे कारण ‘स्वस्त’ या एका शब्दात होते. शेतकऱ्याने आयुष्यात पहिली चारचाकी घेतली की ती पाहुण्यांच्या दारात उभी राहते. ती देशातली सर्वांत स्वस्त गाडी आहे असे सर्वांना ठाऊक असेल, तर तो ती घेण्यापेक्षा जुनी मारुती घेतो. स्वस्त म्हणून ती गाडी लोकांपुढे गेली हे चुकले, हे रतन टाटा यांनीही नंतर मोकळेपणाने मान्य केले. २०१८ मध्ये उत्पादन थांबले. गाडी वाईट नव्हती, आणि ज्या माणसांसाठी ती बनवली होती त्यांचा मान मात्र कोणी विचारात घेतला नव्हता.

मांजराकाठची

सिंदफणा दादा, अगदी बरोबर. कोका-कोलाने चव बदलून न्यू कोक आणले, त्या वेळीही सुमारे २ लाख लोकांना चव विचारली होती आणि बहुसंख्यांना नवी चव आवडली होती. जुने कोक कायमचे बंद करणार आहोत, हे मात्र त्यांना नीट विचारले गेले नाही. २३ एप्रिल १९८५ ला नवे आले आणि ७९ दिवसांत जुने परत आणावे लागले. चाचणीत आपण जे मोजतो तेच उत्तर येते, हे प्रयोगशाळेत काम करताना मला रोज दिसते.

पूर्णा

सर्व प्रतिसाद लक्षपूर्वक वाचले. गोदाकाठ साहेब, त्या मोटारींचे आणि मिस्त्रींचे पुढे काय झाले, हे आपण लिहिले नाही. आमच्याकडे वसमतलाही त्या सुमारास असाच अनुभव आला होता.

गोदाकाठ

आधी दुधना आणि बालाघाट यांना उत्तर देतो. आपण दोघांनी मांडलेले मला मान्य आहे. एचएमटीच्या किंवा व्हिडिओकॉनच्या बाबतीत माझ्यासारख्या दुकानदाराला दोष आधी दिसला असता असे म्हणणे म्हणजे स्वतःला नसलेले महत्त्व देणे होईल. ताळेबंद आम्हाला वाचता येत नाही आणि न आलेला ग्राहक आमच्याशी बोलत नाही. माझा प्रश्न जिथे वस्तूच बदलली आहे तिथपुरता खरा आहे. श्लिट्झ, स्नो ब्रँड, सानलू आणि आमची मोटार एका बाजूला, कोडॅक आणि ट्यूबचे कारखाने दुसऱ्या बाजूला, असे दोन वेगळे आजार आहेत, आणि दुसऱ्या आजाराबद्दल मला इथे शिकायला मिळाले. सिंदफणा यांनी सांगितलेली नॅनोची गोष्ट या दोन्हींत बसत नाही, आणि ती माझ्या मनातून जात नाही.

आता पूर्णा यांचा प्रश्न. त्या हंगामात माझ्या दुकानातून गेलेल्या नऊ मोटारी जळाल्या. मिस्त्रीने त्या सर्व तांब्याने भरून दिल्या. मजुरी त्याने निम्मीच घेतली, तारेचे पैसे मी घातले, कारण बिल माझ्या नावाचे होते आणि ते शेतकरी मला तोंडावर काही बोलले नव्हते. दोन वर्षांनी कंपनीचा नवा विभागीय अधिकारी आला, तरुण आणि सरळ माणूस होता. मी त्याला मिस्त्रीच्या टपरीवर नेले. मिस्त्रीने जळालेल्या तारांची जपून ठेवलेली वेटोळी आणि जुन्या मोटारीचे तांबे शेजारी शेजारी ठेवून त्याला तासभर समजावून सांगितले. त्या अधिकाऱ्याने सर्व लिहून घेतले, फोटो काढले आणि पुढच्या वर्षी त्या मॉडेलमध्ये तांबे खरोखर परत आले. मी चार मोटारी मागवल्या. त्यांतली एक मिस्त्रीने स्वतःच्या भावाच्या विहिरीसाठी नेली आणि ती आजही चालते. उरलेल्या तीन दोन वर्षे माझ्या गोदामात होत्या, आणि शेवटी मला त्या खरेदीच्या किमतीपेक्षा कमी दराने परभणीच्या एका व्यापाऱ्याला द्याव्या लागल्या.